दादाशी तडजोड केली, तर मी हरलो असं होईल का?

पत्र

वकीलताई, नमस्कार. मी पारोळा तालुक्यातला शेतकरी, वय 51. वडिलांच्या नावावर 11 एकर जमीन, एकच गट. 2009 मध्ये वडिलांनी चार माणसांसमोर ती तोंडी वाटून दिली. वरची बाजू दादाला, नाल्याकडची मला. कागद झाला नाही. 2013 मध्ये वडील गेले. विहीर दादाच्या बाजूला, माझा गाडरस्ताही तिथूनच. पाण्यावरून भांडण पेटलं आणि 2017 मध्ये दादाने वाटपाचा दावा टाकला. आई आणि बहीण दोघीही प्रतिवादी आहेत, पण बहीण कधी कोर्टात आली नाही. गावातलं घर दाव्यात नाही. 2022 मध्ये शेतात मारामारी झाली, दोघांनी एकमेकांवर फिर्यादी दिल्या. माझ्यावर कलम 324, 323, 504, 506 आणि दादावर 323, 504, 506. आता दाव्यात पुराव्याची तारीख लागली आहे. गावच्या तंटामुक्ती समितीचे जुने अध्यक्ष म्हणतात, पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून मिटवून टाका. बहिणीला साडीचोळी केली की ती सही देईल. मुलगा म्हणतो, एवढी वर्षं लढून आता माघार घेतली तर गाव हसेल. दावा लागल्यापासून विहिरीचा गाळसुद्धा निघालेला नाही, खर्च कोणी करायचा यावरच अडलं आहे. कानबाईच्या सणाला आमच्या घरात नैवेद्याचे दोन वेगळे रोट होतात. आई 78 वर्षांची, माझ्याकडे असते. त्या दिवशी ती जेवत नाही. मी काय करू?

उत्तर

भाऊ, तुमचं पत्र आलं त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण सांगते.

माझे वडील आणि काका शिंदखेडा तालुक्यातल्या एका बांधावरून सतरा वर्षं कोर्टात होते. बांध किती, तर दीड हात. तारखेच्या दिवशी आई पहाटे चारला उठून भाकरी आणि ठेचा बांधून द्यायची. गावातून सकाळी एकच एसटी. वडील पुढच्या दाराजवळ बसायचे, काका मागच्या बाकावर, आणि संध्याकाळी दोघं तसेच परत यायचे. वडिलांच्या कापडी पिशवीत एक वही असायची. त्यात तारीख, एसटीचं भाडं, चहा, नकलेची फी, वकिलाला दिलेले पैसे, सगळं जांभळ्या पेन्सिलीनं लिहिलेलं. निकाल वडिलांच्या बाजूनं लागला तेव्हा काकांना जाऊन दोन वर्षं झाली होती. मी तेव्हा वकिलीच्या शेवटच्या वर्षाला होते. पेढे घेऊन घरी गेले, तर वडील ओट्यावर ती वही घेऊन बसले होते आणि बेरीज करत होते. पेढ्याचा पुडा त्यांनी उघडला नाही.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकते. तडजोड केली तर तुम्ही हरत नाही. पण ती कशी करायची, कोणाला बरोबर घेऊन करायची आणि कागदावर काय लिहायचं, यात चूक झाली तर मात्र खरंच हराल. आणि तुमच्या पत्रात अशा दोन चुका तयार होऊन बसलेल्या दिसतात. एक पाचशेचा स्टॅम्प, दुसरी साडीचोळी.

त्याआधी तुमची बाजू कितपत मजबूत आहे, हे मोकळेपणानं बोलू. तडजोडीला बसणाऱ्या माणसाला आपलं पाणी किती खोल आहे ते माहीत असायला हवं. तुमचा सगळा भर 2009 च्या तोंडी वाटणीवर आहे. तुम्ही दोघं भाऊ तेव्हापासून आपापली बाजू कसत आलात, हे साक्षीदारांनी सिद्ध होऊ शकतं. पण बहिणीच्या हक्कापुढे तोंडी वाटणी फार लंगडी पडते. हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती 9 सप्टेंबर 2005 पासून लागू झाली आणि मुलगी जन्मानेच मुलासारखी हिस्सेदार झाली. 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हे आणखी पक्कं केलं. त्यात तोंडी वाटणीबद्दल स्पष्ट म्हटलं आहे की ती सहजासहजी मान्य करायची नाही, सरकारी दप्तरातल्या कागदांचा भक्कम आधार असेल तर अपवाद म्हणूनच. तुमच्याकडे फेरफार झालेला नाही, सातबारा आजही एकत्र असणार.

मग हिस्से किती पडतात? आई, दादा, तुम्ही आणि ताई, चौघांचा चौथा-चौथा. जमीन वडिलोपार्जित धरली तरी हिशेब तिथेच येतो आणि वडिलांची स्वकष्टार्जित धरली तरी तिथेच येतो. 11 एकराचा चौथा हिस्सा म्हणजे 2 एकर 30 गुंठे. तुम्ही आज कसताय ती निम्मी बाजू तुमच्या एकट्याची आहे, असं मनात धरून कोर्टात जाऊ नका. दादांनीही तसं धरू नये. त्यांची दुखरी नस वेगळी आहे: विहीर वडिलांच्या काळातली, सगळ्यांच्या सामाईक जमिनीतली. ती माझ्या बाजूला आली म्हणून माझी, हे त्यांचं म्हणणं टिकायला अवघड आहे. दोघांच्याही पायाखाली वाळू आहे, आणि हे दोघांच्याही वकिलांना माहीत असणार.

आता समजा, दावा शेवटपर्यंत चालवला. पुरावा, उलटतपास, युक्तिवाद, मग प्राथमिक हुकूमनामा, म्हणजे कोणाचा किती हिस्सा एवढंच. शेतजमीन प्रत्यक्ष वाटायचं काम दिवाणी कोर्ट स्वतः करत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 54 प्रमाणे ते जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं, तिथून तहसीलला, तिथून भूमी अभिलेखच्या मोजणीला. मधे कोणी नाराज झाला की जिल्हा न्यायालयात अपील, त्यापुढे औरंगाबाद खंडपीठात दुसरं अपील. हा रस्ता वाईट आहे असं मी म्हणत नाही. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला तो खुला असलाच पाहिजे. पण तुमचं भांडण ज्या गोष्टीवरून आहे, ती त्या रस्त्याच्या शेवटीही मिळेल का, ते बघा.

कोर्ट तेवढंच देतं, जेवढं दाव्यात मागितलेलं असतं. फार तर हुकूमनाम्यात लिहिलेलं असेल की विहिरीत अमुक हिस्सा. पण थ्री-फेज लाईट एका आठवड्यात दिवसा येते, दुसऱ्या आठवड्यात रात्री येते, तेव्हा रात्रीचं भरणं दर वेळी कोणाच्या वाट्याला? मोटार जळाली तर वाइंडिंगचे पैसे कोण देणार? मीटर दादांच्या नावावर असेल, बिल थकलं आणि कनेक्शन कापलं तर तुमच्या कपाशीचं काय? आईला तपासायला धुळ्याला कोणी न्यायचं? यातलं एकही वाक्य निकालपत्रात नसणार. तडजोडनाम्यात मात्र हे सगळं लिहिता येतं. कोर्टाबाहेर मिटवण्यात वेळ आणि पैसा वाचतो असं सगळे सांगतात, ते खरंच आहे. पण माझ्या मते त्याची खरी किंमत इथे आहे: ज्या छोट्या गोष्टीवरून तुमचं रोज वाजतं, ती लिहून ठेवायची सोय दुसऱ्या कुठल्याच कागदात नाही.

पाण्याच्या बाबतीत तर आपल्या खान्देशाला हे कोणी शिकवायला नको. पांझरा नदीवरची फड पद्धत तुम्ही ऐकली असेल, साक्रीकडे पाहिलीही असेल. बंधाऱ्याखालची जमीन फडांत वाटलेली, एका फडात एक पीक, पाटकरी क्रमानं पाणी देणार, आणि पाणी कमी पडलं तर एखादा फड पडीक ठेवायचा. एकाच शेतकऱ्याची जमीन वेगवेगळ्या फडांत असल्यामुळे टंचाई एकट्याच्या डोक्यावर पडायची नाही. वरच्याला भरपूर आणि खालच्याला कोरडं, हे होऊच द्यायचं नाही अशी ती रचना होती. तुमच्या विहिरीवरही तेच लागू करा. पाणी भरपूर आहे तेव्हाची पाळी वेगळी आणि फेब्रुवारीनंतर विहीर दोन तासांत उपसायला लागते तेव्हाची वेगळी, दोन्ही लिहा. पाळी 'दिवसाआड' अशी लिहू नका. 'लाईटच्या तासांपैकी निम्मे तास, दर आठवड्याला पहिली पाळी बदलून' असं लिहा. मोटार, पाइप, स्टार्टर, वाइंडिंग आणि गाळ, प्रत्येकाच्या खर्चाचं प्रमाण लिहा. पैसे दिले नाहीत तर किती दिवसांनी काय होईल, हेही लिहा. गाडरस्ता किती फूट रुंद, कुठल्या बांधानं, तो कच्च्या नकाशावर लाल रेघेनं दाखवून चौघांच्या सह्या घ्या. आणि हुकूमनामा झाला की विहिरीतला हिस्सा आणि रस्ता सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात चढवून घ्यायला विसरू नका. उद्या दादांच्या मुलानं त्याची बाजू कोणाला विकली, तर घेणाऱ्याला तुमच्या घरची समजूत माहीत नसते. तो सातबारा बघतो.

हे करायचं कुठे? तुमचा दावा चालू आहे, त्यामुळे दार तिथूनच उघडतं. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 89, जे 1 जुलै 2002 पासून नव्या रूपात लागू झालं, ते कोर्टाला सांगतं की मिटण्यासारखं प्रकरण असेल तर ते मध्यस्थी, लोकअदालत अशा मार्गांकडे पाठवा. भावाभावांतली वाटणी ही मध्यस्थीला योग्य असल्याचं सर्वोच्च न्यायालयानं 2010 च्या अफकॉन्स निकालात नाव घेऊन सांगितलं आहे. तुमच्या वकिलांनी एक साधा अर्ज द्यायचा, आम्हाला मध्यस्थीकडे पाठवा. पुराव्याची तारीख लागली असली तरी चालतं. साक्ष सुरू झाल्यावरही चालतं.

मध्यस्थीच्या खोलीत काय होतं, ते सांगते, कारण लोक तिथे साक्षीला आल्यासारखे घाबरून बसतात. शपथ नसते. मध्यस्थ हा प्रशिक्षण घेतलेला वकील किंवा न्यायाधीश असतो, पण तुमचा दावा चालवणारा न्यायाधीश नसतो. आधी सगळे एकत्र बसतात. मग तो एकेकाशी वेगळं बोलतो, आणि बहुतेक गाठी तिथे सुटतात. तुम्ही त्याला एकट्याला जे सांगाल ते तुमच्या परवानगीशिवाय तो दादांना सांगत नाही. खोलीत जे बोललं जातं ते पुढे कोर्टात पुरावा म्हणून वापरता येत नाही. नाही जमलं तर मध्यस्थ कोर्टाला 'तडजोड झाली नाही' एवढंच कळवतो, कोण अडून बसलं ते नाही. दावा जिथे थांबला होता तिथून पुढे चालतो. तुमच्या हातचं काही जात नाही.

मी स्वतः कित्येक वर्षं त्या खुर्चीत बसले. कुठल्या प्रकरणाचं ते ओळखू येऊ नये म्हणून तपशील बदलून एक सांगते. दोन भाऊ, चार बैठका झाल्या तरी थोरला एकच वाक्य बोलायचा, 'मला माझा हिस्सा द्या.' पाचव्या वेळी तो एकटा बसला असताना मी त्याला विचारलं, वडील गेले त्या दिवसाबद्दल सांगा. तो बराच वेळ टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत राहिला. मग म्हणाला, गंधमुक्तीला, वडिलांच्या उत्तरकार्याला, मंडपवाल्याचे पैसे धाकट्यानं मला न विचारता परस्पर दिले. सगळ्या भाऊबंदांसमोर मी थोरला असून पाहुण्यासारखा बसलो. त्या एका दुपारचे पैसे त्यानं नऊ वर्षं जमिनीतून वसूल करायचा प्रयत्न केला होता. धाकट्याला हे माहीतच नव्हतं. त्याला वाटलं होतं, दादाकडे तेव्हा पैसे नाहीत, त्याला लाज वाटू नये. त्यानंतर दीड तासात नकाशा झाला.

तुमच्या घरातही असं काही असेलच असं मी म्हणत नाही. पण पाण्यावरून पहिल्यांदा वाजलं त्याच्या आधीच्या वर्षभरात काय काय झालं, ते आठवून बघा.

आता ताईंकडे येते. भाऊ, 'साडीचोळी केली की ती सही देईल' हे वाक्य वाचून मला वाईट वाटलं. तुम्ही वाईट मनानं लिहिलं नसेल, आपल्याकडे असंच बोलतात. पण ताईंचा हिस्सा 2 एकर 30 गुंठे आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरी आल्यावर झोक्यावर बसवायचं, घागर भरायला सांगायचं आणि जाताना एका कागदावर अंगठा घ्यायचा, हे आता तरी थांबलं पाहिजे. आणि माझ्या रागाचं सोडा, कायद्याच्या नजरेनंही तुमचं यात नुकसान आहे. दाव्यात त्या प्रतिवादी आहेत. त्यांच्या सहीशिवाय तुम्ही दोघं भावांनी केलेली तडजोड त्यांच्यावर बंधनकारक होत नाही. उद्या त्यांनी किंवा त्यांच्या मुलांनी हिस्सा मागितला, की तुमचा नकाशा, पाळ्या, रस्ता सगळं परत उघडतं. न समजावता, दडपणाखाली घेतलेली सही तर त्याहून घातक.

ताईंना आधी भेटा. हिस्सा किती आहे ते आकड्यात सांगा. त्यांना जमीन हवी असेल तर ती सलग कुठली द्यायची ते बघा, आणि तुकडेबंदीच्या कायद्यात बसेल एवढ्या क्षेत्राखाली तुकडा पडू देऊ नका. पैसे हवे असतील तर रक्कम, हप्ते आणि तारखा तडजोडनाम्यात लिहा. हिस्सा नावावर ठेवून तुमच्याकडे बटाईनं द्यायचा असेल तर तसं लिहा. आणि सगळं कळून-समजून त्यांना हक्क सोडायचाच असेल, तर तो त्यांचा अधिकार आहे. पण तेही कोर्टापुढे, त्यांच्या स्वतःच्या वकिलासमोर सांगू द्या. तो वकील त्यांना फुकट मिळतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 च्या कलम 12 प्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज करायचा, किंवा 15100 वर फोन करायचा. तुम्ही स्वतः हा नंबर ताईंना दिलात, तर तुमच्या हेतूबद्दल त्यांना वेगळं काही सांगावं लागणार नाही.

आईंचंही तेच. त्या प्रतिवादी आहेत आणि त्यांचाही चौथा हिस्सा आहे. त्या तुमच्याकडे राहतात म्हणून तो तुमचा होत नाही. दादांच्या मनात ही भीती नक्की असणार, त्यांनी तोंडानं म्हटलं नसलं तरी. आईंच्या हयातीत त्यांच्या हिश्शाचं उत्पन्न त्यांच्या स्वतःच्या बँक खात्यात जाईल, एवढं एक कलम तुम्ही होऊन सुचवा.

स्टॅम्पबद्दल. तंटामुक्ती अध्यक्षांचा हेतू चांगला आहे आणि त्यांना बाजूला सारू नका. 15 ऑगस्ट 2007 ला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली तेव्हापासून अशा माणसांनी कित्येक घरांना एका ओट्यावर बसवलं आहे. दादा तुमचा फोन उचलणार नाहीत, पण त्यांचा उचलतील. ते काम त्यांनाच करू द्या. फक्त कागद तिथे करू नका. दावा चालू असताना पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून नोटरी केलेला समजुतीचा लेख म्हणजे हुकूमनामा नव्हे. कोणी फिरला तर तो कागद घेऊन तुम्हाला परत कोर्टाचीच पायरी चढावी लागेल, आणि नोंदणी नसल्यामुळे तो पुराव्यात घेण्यावरूनच वाद होईल. तेच ठरलेलं तुम्ही लेखी तडजोडनामा करून, सगळ्या पक्षकारांच्या सह्यांनिशी, संहितेच्या आदेश 23 नियम 3 खाली कोर्टात दाखल केलं, न्यायाधीशांनी प्रत्येकाला विचारून खात्री केली, की त्याचा हुकूमनामा होतो. मग कोणी फिरला तर थेट दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज. संमतीच्या हुकूमनाम्यावर अपील होत नाही, आणि तो रद्द करा म्हणून नवा दावाही लावता येत नाही. फसवणूक झाली असेल तर त्याच कोर्टापुढे जावं लागतं.

एक बारीक गोष्ट, जी पुष्कळदा राहून जाते. गावातलं घर दाव्यात नाही, असं तुम्ही लिहिलंय. तडजोडीत ते घर घ्याल, आणि घ्यायलाच हवं, तर दाव्याबाहेरच्या मिळकतीपुरती हुकूमनाम्याची नोंदणी करावी लागते. त्यापेक्षा आधी दाव्यात दुरुस्ती करून घर सामील करता येईल का, हे वकिलांना विचारा. मुद्रांक किती लागेल तेही सही करण्याआधी विचारून घ्या, नंतर नाही.

लोकअदालतीचंही तुमच्या कानावर असेल. तिथे न्यायाधीशांबरोबर वकील किंवा समाजकार्य करणारी व्यक्ती पॅनलवर असते. ती तुमचा निकाल करत नाही, तुम्ही आधीच ठरवलेलं नोंदवून घेते. तिचा निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखाच असतो, त्यावर अपील नाही, आणि दाव्यात भरलेली कोर्ट फी परत मिळते. ती फी दादांनी भरलेली आहे, म्हणजे परत त्यांनाच मिळेल. बोलताना ही गोष्ट त्यांना जरूर सांगा. पण राष्ट्रीय लोकअदालतीच्या दिवशी गर्दी फार असते. आधी मध्यस्थीत शांतपणे सगळं ठरवून, मसुदा पक्का करून मग तिथे न्यायचा तर न्या. त्या दिवशी सकाळी मांडवात बसून पाण्याच्या पाळ्या ठरवायला जाऊ नका.

फौजदारी केसेसची काळजी तुम्ही एका ओळीत लिहिली आहे, पण मला वाटतं तुम्हाला खरी झोप तिच्यामुळेच लागत नाही. घटना 2022 ची, म्हणून जुन्या भारतीय दंड संहितेचीच कलमं लागू. दादांवरची 323, 504, 506 ही कलमं, म्हणजे साधी दुखापत, अपमान आणि धमकी, फिर्यादीच्या संमतीनं आपसात मिटवता येतात. तुमच्यावरचं 324, म्हणजे घातक हत्यारानं दुखापत, हे खालच्या कोर्टात मिटवता येत नाही. त्यासाठी दोघांनी मिळून औरंगाबाद खंडपीठात केस रद्द करण्याचा अर्ज करावा लागेल. घरगुती, खाजगी स्वरूपाच्या वादात तडजोड झाली असेल तर उच्च न्यायालय तसं करू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयानं 2012 मध्ये ग्यान सिंग खटल्यात सांगितलं आहे. त्याचा खर्च कोण करणार आणि दादा प्रतिज्ञापत्र कधी देणार, हे तडजोडनाम्यात तारखेसह लिहा. दादांवरची केस आधी मिटली आणि तुमची लोंबकळत राहिली, असं होऊ देऊ नका. तेवढ्या एका फटीतून जुना संशय परत आत येतो.

तुमच्या वकिलांशी सरळ बोला. वकील मिटू देत नाही असं गावात सहज म्हटलं जातं. मी तीस वर्षं त्यांच्यात वावरले, बहुतेकांना मिटलेलं हवंच असतं, फक्त पक्षकार स्वतः कधी म्हणत नाही. त्यांची राहिलेली फी चुकती करा आणि सांगा की मला मध्यस्थीला जायचं आहे, मसुदा मात्र तुम्हीच तपासायचा.

दोन प्रसंगी मात्र बैठकीतून उठून यायचं. कोणी कोऱ्या कागदावर सही मागितली, किंवा मध्यस्थीचं नाव सांगून एकीकडे जमीन विकायची बोलणी चालू आहेत असं कळलं, तर बैठक थांबवा आणि वकिलांकरवी कोर्टाकडून मनाई हुकूम मागा. तडजोडीची तयारी म्हणजे डोळे मिटून घेणं नव्हे.

तुमच्या मुलाला माझा निरोप सांगा. त्याचं वय लढायचं आहे आणि त्याला वडिलांचा अभिमान आहे, हे मला आवडलं. त्याला मध्यस्थीच्या दिवशी बरोबर घेऊन जा, आणि पाण्याच्या तासांचा हिशेब त्याच्याकडूनच करून घ्या. दादांच्या मुलालाही बोलवा. पुढची तीस वर्षं ती मोटार हे दोघेच चालू-बंद करणार आहेत. गाव काय म्हणेल, याचं उत्तर मला देता येत नाही. माझ्या वडिलांच्या त्या वहीत गावानं भरलेला एकही रुपया मात्र मला सापडला नाही.

आता पहिलं पाऊल. दादांना भेटाल, किंवा अध्यक्षांना पाठवाल, तेव्हा केस हा शब्द काढू नका. विहिरीचा गाळ काढायचं बोला. यंदा उन्हाळा लागायच्या आत, क्रेन आणि मजुरीचा खर्च निम्मा-निम्मा. त्यांच्या मनात येईल की पैसे दिले तर दाव्यात आपली बाजू कमजोर होईल, तुमच्याही मनात येईल. त्याला उपाय आहे. दोन्ही वकिलांनी एक तीन ओळींची पुरसीस, म्हणजे कोर्टाला कळवणारं लेखी निवेदन, कोर्टात द्यायची: दोन्ही पक्ष आपापल्या हक्कांना बाध न येता विहिरीचा गाळ समान खर्चानं काढत आहेत. खाली दोघांच्या सह्या. तुमच्या दोघांच्या सह्या एका कागदावर येण्याची 2017 नंतरची ती पहिली वेळ असेल. मध्यस्थीचा अर्ज त्याच तारखेला, त्या पुरसीशीच्या पाठोपाठ द्या.